माझ्या गिलाव्यावर त्याचं चित्र

कोल्मुरा गावात माझ्या भावाला सगळे मास्तर म्हणत आणि मला मिस्त्री. आई एक, बाप एक, घर एक. तो भिंतीवर चित्रं काढायचा आणि मी त्या भिंतीला गिलावा घालायचो. लोक म्हणायचे, काय जोडी आहे दोघा भावांची! जोडी होती, नाही म्हणत नाही. बैलाची आणि नांगराचीही जोडीच असते, पण शेत नांगरून झालं की पाठ थोपटतात ती बैलाची.

त्याची हकिगत सांगायची तर आधीच कबूल करतो, मी त्याच्यावर आयुष्यभर जळलो. कुणाला गोडगोड ऐकायचं असेल तर त्यानं आमच्या पाद्री एजिदियोंकडे जावं. ते त्याला अर्धा संत करून तुमच्या हातात ठेवतील.

नाव त्याचं नाज्झारेनो, पण घरीदारी सगळ्यांचा नेनो. माझं नाव एर्मेते. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचा बाप प्रीमो गवंडी होता. मी दहा वर्षांचा असताना चर्चचं छत रंगवायला शहरातून एक चित्रकार आला. त्याला रंग कुटायला पोरगा हवा होता. बापानं माझं नाव दिलं, कारण नेनो तेव्हा चुन्याच्या गोण्या उचलण्याएवढा झाला होता आणि मी काडीपैलवान. सगळं ठरलं, आणि नेमका त्याच आठवड्यात मला गोवर निघाला. मी अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो आणि माझ्या जागी नेनो गेला. पंधरा दिवसांनी मी उठलो तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग बसला होता, आणि चित्रकार बापाला सांगत होता की या पोराचा हात देवानं दिलाय. गोवर कुणी दिला, ते कुणी विचारलं नाही.

मला चित्र काढता आलं असतं का? एकदा डुकरांच्या खोपटाच्या भिंतीवर मी कोळशानं बैल काढला होता. आई म्हणाली, "बाक छान काढलंयस." शिकवलं असतं तर त्या बाकाचा बैल झाला असता, असं मला आजही वाटतं.

नेनो शहरात तीन वर्षं शिकला, मग लढाईत गेला, आणि सेहेचाळीस साली रंगांची एक पेटी घेऊन परत आला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण याचं इथंच विकलं. शेतकऱ्यांना दारावर मरियम हवी असायची, कब्रस्तानातल्या छोट्या चॅपलांत, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्यांत, देवदूत हवे असायचे, आणि आमच्या डोंगरावर तेव्हा नेनोशिवाय दुसरा कुणी नव्हता. मीही तेव्हा बापाची थापी हातात घेतली होती. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्राखाली माझा गिलावा आहे.

हे काम कसं चालतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ओल्या गिलाव्यावर रंग लावला की तो चुन्यात शिरतो आणि शंभर वर्षं हलत नाही. वाळल्यावर लावला तर वर्षभरात बोटाला येतो. गिलावा दहा-बारा तास रंग पितो, मग मिटतो. म्हणून रोज सकाळी चित्रकाराचा हात संध्याकाळपर्यंत पुरा करील तेवढाच तुकडा घालायचा. आम्ही त्या तुकड्याला 'दिवस' म्हणतो. दिवस जास्त मोठा घातला तर उरलेला भाग संध्याकाळी थापीनं कापून खाली पाडावा लागतो, आणि सगळ्या गावासमोर चित्रकाराची शोभा होते. हा दिवस किती मोठा घालायचा ते कोण ठरवतं? मिस्त्री. पण सकाळी सहाला घातलेला माझा गिलावा दहा वाजेपर्यंत रंगाखाली गेलेला असायचा. माझी सगळी कारागिरी जगाला दिसायची ती चार तास, आणि त्या चार तासांत जग झोपलेलं नाहीतर शेतावर असायचं.

बारचा मालक क्विंतो मला मुद्दाम चिडवायचा. "काय मिस्त्री, मास्तरांनी आज काय काढलं?"

"देवदूत."

"आणि तू?"

"देवदूताच्या मागची भिंत."

"मग पंख त्याचे आणि पाठ तुझी म्हण की." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन आर्जियावर, म्हणजे बायकोवर, चिडायचो. तिचंही तेच. नेनोनं लग्न केलं नाही, आमच्याच घरावरच्या खोलीत राहायचा, रात्रीचं सूप आर्जियाच वर पाठवायची. त्याच्या वाडग्यावर चीज जास्त किसलेलं असायचं. मी मोजलेलं नाही, पण मला दिसत होतं.

पंचावन्न साली त्यानं शाळा काढली. आमच्या माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे, ती लांबलचक खोली रिकामी होती. तिथं हिवाळ्यातल्या दुपारी आणि रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर शेतकऱ्यांची पोरं यायची. पैसे घ्यायचा नाही. कुणी अंडी आणायचं, कुणी लाकडाची मोळी. पहिलं वर्ष कुणाच्या हातात कुंचला द्यायचा नाही. पोरांना भिंतीपुढे उभं करायचा आणि म्हणायचा, "उलट्या बोटानं हात लावा. भिंत बोटाला धरते का? धरते तोवर ती उघडी आहे. धरायची थांबली की मिटली. मिटलेल्या भिंतीला हात लावायचा नाही, मग मरियमचं नुसतं नाक उरलेलं असू दे. कापायचं आणि उद्या नव्यानं." मी जिन्यात बसून ऐकायचो. हे सगळं आमचा बाप आम्हाला दोघांना शिव्या देऊन शिकवत असे. नेनोच्या तोंडून आलं की त्याची विद्या व्हायची.

आणि एक सांगायचा. "आधी महिनाभर माझ्या भावाकडे राहा. एर्मेतेनं इतक्या वर्षांत मला वीतभर गिलावा जास्त घातलेला नाही की कमी घातलेला नाही. त्याचं चुकत नाही. ते बघून या, मग मी शिकवतो." पोरं यायची आणि मी त्यांना वाळू चाळायला लावायचो. मला वाटायचं, याला फुकटचा पोरवडा सांभाळायला मी बरा सापडलो. स्तुती करून चुना कालवून घ्यायची ही त्याची जुनी खोड.

त्या पोरांत माझी मुलगी देर्नाही होती. एकुलती एक. सात वर्षांची असल्यापासून ती माळ्यावर जायची. रीतीप्रमाणे नेनोनं तिलाही महिनाभरासाठी माझ्याकडे धाडलं. मी परत पाठवलं. स्वतःच्या पोरीचे हात चुन्यानं जाळून घ्यायचे? पण त्याचा परिणाम असा झाला की बाकीची पोरं एक महिना तरी माझी असायची आणि देर्ना पहिल्या दिवसापासून काकाची झाली. जेवताना काट्यानं मक्याच्या पिठाच्या पोलेंटावर दाढीवाले संत काढायची. काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. मला काय विचारायची? बाबा, माझे बूट कुठायत?

पुढं पोरं पांगली. कुणी कारखान्यात गेलं, कुणी खाली किनाऱ्याच्या गावांत हॉटेलं रंगवायला. नवी आली, तीही गेली. देर्ना राहिली. कपडे, झाडं, जनावरं ती रंगवायची, चेहरे आणि हात नेनो. तिचं काम बघून लोक म्हणायचे, काकावर गेलीय हो अगदी. तोंडावर म्हणायचे, मी शेजारी बादली घेऊन उभा असताना. पोटची पोर, आणि तिचं नाक, कपाळ, सगळं माझं. पण गावाला तिच्यात दिसायचा तो हात, आणि तो म्हणे नेनोचा.

आता त्या हाताचं ऐका.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात आम्ही कब्रस्तानात एक चॅपल करत होतो. दुपारी चारच्या सुमारास मी खालून पाहिलं, नेनो परांचीवर उभा आहे, कुंचला भिंतीपासून बोटभर लांब, आणि टेकवत नाही. हात कापत होता. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि डोळा पुरा केला. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिलावा दोन वीत कमी घातला. पूर्वी रोज नऊ वीत उंच घालायचो, त्या दिवशी सात. नेनो आला, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कामाला लागला. उजेड असतानाच दिवस पुरा झाला. काही महिन्यांनी मी सहा केले, मग पाच. शेवटी चार. या गोष्टीवर आम्ही एक शब्द बोललो नाही. आम्ही दोघं प्रीमोची पोरं, बोलायची आम्हाला सवय नाही. पण जगात एकट्या मला ठाऊक होतं की मास्तरांच्या हातात आता फक्त चार वितींचा दिवस उरलाय. खरं सांगतो, त्या दोन वर्षांत मी त्याच्यावर सगळ्यात कमी जळलो.

मग सत्त्याहत्तरचा जुलै आला. वेशीवरच्या सांत रोक्को या संताच्या चॅपलाची भिंत भूकंपात पडली होती. ती आम्ही नव्यानं बांधली होती आणि सोळा ऑगस्टच्या जत्रेपर्यंत चित्र पुरं करायचं होतं. मध्ये मरियम आणि तिच्या मांडीवर बाळ, एका बाजूला सांत रोक्को आणि त्याचा कुत्रा. सांत रोक्को झाला, कुत्रा झाला, मरियमचा झगा झाला. दोन चेहरे राहिले.

रविवारी पाद्री एजिदियो आमच्याकडे जेवायला आले. सूप संपता संपता म्हणाले, "भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नावं घालायची ठरलंय. नाज्झारेनो आणि देर्ना, काका आणि पुतणी. गावाला फार आवडेल."

"तिसऱ्या नावाला जागा नाही का कोपऱ्यात?" आर्जियानं विचारलं. बायको माझी, कधीतरी आठवण ठेवते.

"हॅ हॅ," पाद्री हसले. "मग वाळू देणाऱ्याचंही घालावं लागेल."

मी देर्नाकडे पाहिलं. ती ब्रेडवर डुकराच्या मांसाची मऊ सलामी पसरत होती. काही बोलली नाही. पुढं बोलली तेव्हा वेगळंच बोलली. पाद्रींनी विचारलं, काम इतकं हळू का चाललंय, पूर्वी मास्तर एका दिवसात अख्खा संत उभा करायचे. ती म्हणाली, "काका नेहमी सांगतात, तरुण चित्रकार जास्त भिंत मागतो, कारण त्याला कमी दिसतं. म्हातारा कमी भिंत घेतो, कारण त्याला जास्त दिसतं. आता ते मुद्दाम छोटा दिवस घेतात. पोरांनाही तेच शिकवतात."

"वा," पाद्री म्हणाले. "काय विचार आहे."

मी काटा खाली ठेवला. मुद्दाम छोटा दिवस घेतात! मी दोन वर्षं त्याची लाज झाकली, आणि त्यानं ते पांघरूण घेऊन त्याचा झगा शिवला. वर तो घालून पोरांपुढे मिरवतोय. आणि माझीच पोरगी मला माझ्याच टेबलावर ते शिकवतेय. माझं सगळं अंग तापलं. गोवर निघाला होता तेव्हासुद्धा इतकं तापलं नव्हतं.

सोमवारी पहाटे मी एकटाच चॅपलात गेलो आणि भिंतीला नऊ वीत गिलावा घातला. मरियमचा चेहरा, बाळाचा चेहरा, चारही हात, सगळं एका दिवसात. घालताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. इतका सुरेख गिलावा मी बऱ्याच वर्षांत घातला नव्हता.

सातला नेनो आणि देर्ना आले. नेनो भिंतीपुढे उभा राहिला. या खेपेला त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आज मोठा घास वाढलास," तो म्हणाला.

"जत्रा जवळ आली," मी म्हटलं. "आणि पूर्वी तू एवढा खायचास."

"खायचो," तो म्हणाला आणि परांचीवर चढला. कमी कर म्हणाला असता तर मी तिथल्या तिथं कापून दिला असता. पण तो तसं म्हणाला नाही. देर्ना समोर होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ आमच्या घराण्यात दोघांनाही सारखाच मिळालाय.

दुपारपर्यंत मरियमचा चेहरा झाला. चांगला झाला, मी कशाला खोटं बोलू. जेवायला तो खाली उतरला नाही. जुलैतली भिंत लवकर मिटते. तीनला देर्ना म्हणाली, "काका, बाळ मी घेते." तो म्हणाला, "मला जमेल." चारला त्याच्या शाळेतली पोरं आली, सहाजण, मास्तरांचं काम बघायला. पाचला जपमाळेच्या प्रार्थनेला बायका जमल्या. नेनो डाव्या हातानं उजवं मनगट धरून बाळाचा गाल रंगवत होता, आणि खाली कुणाला कळत नव्हतं की काय चाललंय. मला कळत होतं. मी दाराशी उभा राहून बघत होतो. गोड वाटलं का? वाटलं. अर्धा तास वाटलं.

देर्नानं उलटं बोट भिंतीला लावलं. "काका, भिंत मिटली."

तो थांबला नाही. बाळाला एक डोळा झाला होता, दुसरा काढत होता. रंग भिंतीत शिरत नव्हता, वरच राहत होता. ज्या माणसानं वीस वर्षं पोरांना सांगितलं की मिटलेल्या भिंतीला हात लावायचा नाही, तो त्याच पोरांसमोर मिटलेल्या भिंतीवर रंग फासत होता.

"काका. मिटली."

मग त्यानं कुंचला खाली केला. सहा पोरं त्याच्याकडे बघत होती. "काप," तो म्हणाला, परांचीवरून उतरला आणि बायकांच्या मधून बाहेर निघून गेला. देर्नानं थापी घेऊन कडेनं चीर दिली आणि एका डोळ्याचं बाळ खाली पाडलं. माझ्याच पायाशी पडलं. मी ते झाडून गोळा केलं.

सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आज किती घातलात?"

"म्हातारा झालो. चुकलं."

"तुमचं चुकत नाही," ती म्हणाली. "काका पहिल्या दिवशी सगळ्यांना हेच शिकवतात."

ती भिंतीकडे वळली आणि एका दिवसाला दुसरा दिवस जिथं मिळतो त्या सांध्यांवरून हात फिरवत वितींनी मोजू लागली. रंग कितीही चढवला तरी सांधा बोटांना लागतोच. सांत रोक्कोचा पाय, चार. कुत्रा, चार. झग्याची घडी, चार. आजचा, नऊ. मग ती तिथंच थांबली. ती हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा मोजावं लागलं नाही.

"कब्रस्तानातल्या चॅपलात आधी नऊ होते," ती म्हणाली. "मग सात. मी समजत होते, काका कमी घेतात."

"मी कमी घालत होतो."

"त्यांचा हात..."

"हो."

तिनं सांध्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही त्यांना सांभाळलंत. कुणाला कळू दिलं नाहीत. मग आज का?"

दुसरं काही सांगता आलं असतं. पण माझ्याच्यानं झालं नाही. "जळलो," मी म्हटलं. "तू त्याची झालीस म्हणून जळलो."

"मी आधी तुमच्याकडे आले होते, बाबा. सात वर्षांची होते. थापी मागितली होती. तुम्ही म्हणालात, हे पोरींचं काम नाही, जा काकाकडे." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. मग तिनं माझी थापी धुतली, पुसली आणि आपल्या पिशवीत घातली.

संध्याकाळी मी बारमध्ये गेलो, कारण घरी जायचा धीर नव्हता. नेनो तिथं आधीच बसला होता, समोर बडीशेपेच्या दारूचा पेला. मी आत आलो तसा क्विंतो म्हणाला, "या मिस्त्री. आज मास्तरांना भारी पडलात म्हणे. डोळे गेले की काय तुमचे? एवढी भिंत थापून ठेवलीत ती?"

"त्याचे डोळे ठीक आहेत," नेनो म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझा हात गेलाय. दोन वर्षं झाली. एर्मेते मला दोन वर्षं लहान पोराला भरवावं तसा छोटा छोटा दिवस कापून देत होता. मी पोरांना सांगत राहिलो की कमी भिंत घेण्यात शहाणपण असतं. शहाणपण कसलं, लाज वाटत होती. आज त्यानं मोठा घातला, आणि मला नको म्हणता आलं नाही. चूक माझी."

आणि काय झालं असेल? बेता नावाच्या म्हातारीचे डोळे भरून आले. क्विंतोनं नेनोचा पेला फुकट भरला. शेजारच्या टेबलावर पत्ते ठेवून माणसं उठली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. काय मन आहे मास्तरांचं, कोण कबूल करतं असं! दोन वर्षं तोंड शिवून बसलो मी, आणि दोन मिनिटं तोंड उघडलं त्यानं, तर मोठेपणा पुन्हा त्याचाच. मी कोपऱ्यात बसून तेवढ्यातही जळत होतो. एवढं झाल्यावर तरी थांबावं की नाही माणसानं? नाही थांबलो.

जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. "उद्या चार घाल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी सहाला चॅपलात पोचलो. गिलावा घातलेला होता. देर्ना परांचीवर होती, माझी थापी तिच्या हातात. कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

"बाबा, यापुढं गिलावा मी घालणार," ती म्हणाली. "तुमच्यावर आता भरवसा नाही."

मी भिंतीजवळ गेलो. चार वीत. काकाच्या हाताला झेपेल एवढाच, कडा तिरक्या कापलेल्या, पृष्ठभाग असा की पाणी ओतलं तर सगळीकडून सारखं ओघळेल. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं ती रंग कालवता कालवता माझ्याकडे बघत होती, आणि मी समजत होतो ती काकाकडे बघतेय. मी त्या गिलाव्यात दोष शोधत बराच वेळ उभा राहिलो. सापडला नाही.

नेनो त्यानंतर साडेतीन वर्षं जगला. चार वितींचे तीन झाले, मग दोन. शेवटी शेवटी तो देर्नाच्या हातात कुंचला द्यायचा आणि बाजूला बसून सांगायचा. शाळा चालू होती. पोरांना तो आता सांगायचा, हात जातो तेव्हा लपवू नका. गिलावा रोज देर्ना घालायची. मी लोकांच्या कोंबड्यांची खुराडी बांधली, ओव्हन दुरुस्त केले, द्राक्षमळ्यांच्या भिंती रचल्या. देर्ना रविवारी जेवायला यायची, आईशी बोलायची, मला ब्रेड पुढे करायची. कामाचं काही बोलायची नाही. मीही विचारलं नाही. त्या दोघांना सकाळी उतारावरून एकत्र जाताना बघायचो आणि खिडकी लावून घ्यायचो.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो गेला, थंडीत, छातीच्या दुखण्यानं. आमच्याकडे शवपेटी जमिनीत पुरत नाहीत. कब्रस्तानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात सरकवतात, समोर विटा लावतात, वर गिलावा घालतात, आणि सगळं गाव ते पुरं होईपर्यंत उभं राहतं. संगमरवराची पाटी महिन्याभरानं येते. तोवर नुसता गिलावा दिसतो. हे काम गावच्या मिस्त्रीचं असतं, आणि गावची मिस्त्री आता देर्ना होती. ती बादली घेऊन आली होती. विटा तिनंच लावल्या. मी आर्जियाच्या शेजारी टोपी हातात धरून उभा होतो.

शेवटची वीट बसली. देर्नानं थापी चुन्यात घातली, थोडी थांबली, आणि वळून माझ्यासमोर धरली. "बाबा," ती म्हणाली, "हा दिवस तुम्ही घाला."

मी टोपी आर्जियाच्या हातात दिली. पहिला थर, दुसरा थर, मग थापीची पाठ फिरवून सपाट केलं. माझ्या मनात आलं, एर्मेते, बघ, या गिलाव्यावर कुणी काही रंगवणार नाही. महिनाभर सगळं गाव नुसता तुझा गिलावा बघणार. जन्मभर हेच मागत होतास ना? कडा पुसल्या. मग बादली उचलली आणि तीस वर्षांच्या सवयीनं डावीकडे सरकलो, नेनोला भिंतीशी यायला वाट करून दिली.